आबांच्या नावाचा माणूस

रिक्षा थेट गेटपर्यंत येते, असं नितीनने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. येत नाही. रिक्षावाल्याने मला नाक्यावरच उतरवलं आणि "पुढे सगळं खोदलंय मावशी, चालत जा" म्हणून मान न वळवता निघूनही गेला. सकाळचे साडेनऊ, चैत्राचं ऊन, हातात पिशवी, दुखरा गुडघा आणि समोर पत्र्यांच्या भिंती. मुलुंडच्या याच रस्त्यावरून मी दहावी होईपर्यंत रोज दोनदा पळत गेलेली आहे, आणि आता उजवीकडे वळायचं की डावीकडे तेही कळेना. मी जालन्याला राहते. नोकरी तिथेच झाली, संसार तिथेच झाला, निवृत्तीही तिथेच. इथे यायचं मी इतकी वर्षं टाळलं, आणि आता आले होते तेही हौसेने नव्हे. नितीनला माझी सही हवी होती म्हणून. नितीन म्हणजे माझ्या किसनकाकाचा मुलगा. "ताई, एकच सही, पाच मिनिटांचं काम," म्हणाला होता. सरकारी कागदाला पाच मिनिटांचं काम म्हणणारा माणूस भेटला की मला आधी त्याचा राग येतो आणि मग कीव येते. मी भूमी अभिलेख कार्यालयात टेबलाच्या आतल्या बाजूला अख्खी नोकरी काढली आहे. लोकांच्या जमिनीवरची नावं चढवणं, उतरवणं, दुरुस्त करणं, हेच माझं काम होतं.

चढ लागला की पायांना वाट आठवेल, असं मला वाटलं होतं. आमची पंचशील वस्ती डोंगराच्या अगदी पायथ्याला होती, आणि शाळेतून येताना शेवटच्या चढाला दम लागायचा. पण तो चढच कापून टाकलाय. जिथे धाप लागायची तिथे आता सपाट पेव्हर ब्लॉक आहेत. दगडांच्या खाणीच्या जागी मोटारींचं शोरूम. आबा ज्या नटबोल्टच्या कारखान्यात कामाला होते तिथे काचेची इमारत, आणि तिच्या बाहेर गळ्यात पट्टे घातलेली पोरं चहा पीत उभी. त्यातल्या एकाला मी विचारलं, "बाळा, इथल्या जुन्या कारखान्यामागची वाट कुठे गेली?" त्याने कानातलं काढलं, "सॉरी आंटी?" म्हणाला, मोबाईल उघडला आणि मलाच विचारलं, "पिनकोड काय आहे?" झाडं तेवढी शिल्लक होती. कडुलिंब मोहरला होता आणि त्याचा तो कडसर गोड वास एवढ्या धुळीतूनही येत होता. सावरीची बोंडं उकलून कापूस हवेत तरंगत होता, चष्म्यावर येऊन बसत होता. दुसऱ्या कुणाला त्या कापसात वसंत ऋतू दिसला असता. मला शिंका आल्या, एकामागोमाग सात.

शेवटी विचारत विचारत पोचले. आता तिथे दोन इमारती आहेत. पुढची विकायची, इंग्रजी नावाची, दारात कारंजं असलेली. मागची आमच्या वस्तीवाल्यांची. दोन्हींच्या मध्ये भिंत आहे आणि भिंतीवर काचा लावल्या आहेत. आमच्या बाजूच्या वॉचमनने मला अडवलं. "किसके यहाँ जाना है?" मी "किसन साळवे" म्हणणार होते, तेवढ्यात भिंतीवरच्या रहिवाशांच्या पाटीकडे नजर गेली आणि जीभ अडली. त्या पाटीवर किसन साळवे नव्हताच, असणार नव्हता हे मला माहीत होतं. सातवा मजला, सातशे चार, श्री. रामदास लक्ष्मण साळवे. रामदास लक्ष्मण साळवे हे माझ्या वडिलांचं नाव. ते बदलापूरला भाड्याच्या खोलीत वारले, त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली, आणि त्यांच्या मृत्यूचा दाखला माझ्या कपाटात आहे. तो दाखला मी बाहेर काढला असता तर सातव्या मजल्यावरचा माणूस कागदावर त्याच दिवशी मेला असता आणि घरही त्याच्याबरोबर गेलं असतं. मी तो कधी कुणाला दाखवला नाही. वॉचमनला मी बापाचं नाव सांगितलं आणि लिफ्टमध्ये शिरले. हे सगळं माझ्यामुळे झालेलं आहे, आणि ते कसं झालं हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

आमची खोली दहा बाय बाराची होती. वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन, एका बाजूला पोटमाळा. भिंतींचे दगड आबांनी आणि आईने खाणीतले टाकाऊ दगड डोक्यावरून वाहून आणून रचले होते. आई पोटुशी होती तेव्हा, म्हणजे माझ्यासकट. दुपारी बाराला खाणीत सुरुंग उडायचे. आधी शिट्टी व्हायची, की आई हातातलं काम टाकून फळीवरच्या पितळी डब्यांना दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. मग धडाम्, पत्रे थरथरायचे, वरून धूळ पडायची, आणि आई डबे सोडून पुन्हा कामाला बसायची. तिचं काम म्हणजे रबरी वायसरांच्या कडा कापणं. एका छोट्या कारखान्यातून पोतं यायचं. साच्यातून निघालेल्या प्रत्येक वायसराला भोवती फाटका पदर असायचा, तो कात्रीने गोल कापून टाकायचा. आमच्या घराला कायम त्या रबराचा वास. भाकरीला वास, पुस्तकांना वास, माझ्या वेणीला वास. शाळेत माझ्या शेजारची मुलगी नाक मुरडायची म्हणून मी आईवर चिडायचे, आणि आई काळी पडलेली बोटं पदराला पुसत म्हणायची, "वास येतो तर येऊ दे. वायसर नसलं तर तिच्या घरचा नळ गळेल म्हणावं."

आबा थोडं बोलायचे. कारखान्याचा भोंगा झाला की अर्ध्या तासात दारात, आधी रॉकेलने हात धुवायचे, मग साबणाने, मग वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकायचे. त्यांना वाचता यायचं, पण माझ्याकडून वाचून घ्यायला आवडायचं. मी वाचत असताना ते डोळे मिटून बसायचे आणि मधेच एखादा शब्द पुन्हा वाचायला लावायचे. रविवारी सुकट असायची. कांदा भरपूर, लाल तिखट सढळ, बाजरीची भाकरी, आणि चुलीवर सुकट पडली की शेजारची तीन तरी माणसं काहीतरी निमित्त काढून दारात यायची. पोटमाळ्यावर किसनकाका झोपायचा. आबांचा धाकटा भाऊ, माझ्याहून आठच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करायची. जालन्याकडच्या आमच्या गावाहून तो काम शोधत आला होता आणि पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला लागला होता. पहाटे यायचा तेव्हा त्याच्या अंगाला मैद्याचा आणि जळक्या लाकडाचा वास असायचा, आणि रुमालात माझ्यासाठी गरम पाव. मग दिवसभर मढ्यासारखा झोपायचा. त्याला कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात बघितलं नाही.

मी दहावीला होते. आमच्या गल्लीत दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी मी, आणि हे मला जरा जास्तच माहीत होतं. गल्लीतली पत्रं मी लिहायची, मनीऑर्डरीचे फॉर्म मी भरायची, आणि बायका "सुमन, तुझं अक्षर म्हणजे छापील गं" म्हणाल्या की मी मान खाली घालून हसायची. आज त्या मुलीला समोर उभी करून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं.

थंडी सरत आली होती तेव्हा झोपड्यांची मोजणी निघाली. मोजणीत ज्याचं घर आलं ते घर पक्कं, ज्याचं राहिलं ते तुटणार, एवढं सगळ्यांना कळलं होतं. बाकी सगळ्या वावड्या. मोजणीवाले दारावर नंबर टाकतात, कुटुंबप्रमुखाला घरच्यांसकट दारात उभं करतात, हातात नंबराची पाटी देतात आणि फोटो काढतात. फोटोत बाप्या दिसला नाही तर घर धरत नाहीत, असं पाण्याच्या नळावर कुणीतरी म्हणालं, आणि दुपारपर्यंत ते सरकारी हुकूम असल्यासारखं सगळीकडे झालं. मोजणीवाले रविवारी येणार असं ठरलं होतं. आबांना रविवारी सुट्टी असायची. ते आले गुरुवारी.

एक कारकून, एक फोटोवाला, एक शिपाई. आबा पहिल्या पाळीला गेलेले. निरोप द्यायला कुणी पळालं असतं तरी पाळी सुटेपर्यंत गेटबाहेर सोडत नव्हते. कारकुनाला गल्लीतल्या बायकांची नावं कळेनात, तेव्हा कुणीतरी मला पुढे ढकललं. मी त्याला नावं सांगू लागले, मग त्याच्या हातातले कागद धरू लागले, आणि दहाव्या-बाराव्या घराशी त्याने फॉर्मच माझ्याकडे दिले. "तूच लिही, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे." मी हवेत होते. सगळी गल्ली बघत होती. पाटीवर खडूने नंबरसुद्धा मीच टाकत होते.

आमचं दार आलं. कारकून म्हणाला, "कुटुंबप्रमुख?" आईने माझ्याकडे बघितलं. मी एका क्षणात ठरवलं, कुणाला विचारलं नाही. पोटमाळ्याच्या शिडीवर चढले आणि काकाचा पाय ओढला. "काका, ऊठ. खाली ये, फोटोत उभा राहा." तो डोळे चोळत म्हणाला, "मी? अगं दादा नाय तर..." मी त्याच्या अंगावर आबांचा पांढरा सदरा टाकला. "बाप्या दिसायला पाहिजे नुसता. तू काही बोलू नकोस. गप उभा राहा." माझ्या मते यात खोटं काहीच नव्हतं. फोटो घराचा होता, माणूस दाखवण्यापुरता होता. गल्लीत आणखी दोन घरांनी मेव्हणे आणि साडू उभे केले होते. फक्त त्यांनी नाव त्या उभ्या माणसाचंच सांगितलं, किंवा नंतर लवकर निस्तरलं. कारकुनाने विचारलं, "नाव?" आणि मी छापील अक्षरात लिहिलं, कुटुंबप्रमुख रामदास लक्ष्मण साळवे. पत्नी म्हणून आईचं नाव. मुलगी म्हणून माझं. कारकुनाने काकाचा अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि त्या नावाखाली उमटवला. फोटो निघाला. काका अर्धवट झोपेत, आई तोंडावर पदर ओढून, आणि मध्ये मी, पाटी छातीशी धरून, दात काढून हसणारी.

संध्याकाळी आबा आले तेव्हा मी धावत जाऊन सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी हात धुतले, रॉकेलने, मग साबणाने, आणि विचारलं, "नाव काय लावलं?" मी म्हणाले, "तुमचंच." ते म्हणाले, "बरं." मग वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकलं. त्या दिवशी वाचताना त्यांनी एकही शब्द पुन्हा वाचायला लावला नाही, एवढाच काय तो फरक.

कार्ड आलं तेव्हा गल्ली हसली. काकाचं तोंड, आबांचं नाव, आणि शेजारी बायको म्हणून आई. आईला बायका "काय, धाकटा नवरा काय म्हणतो?" विचारायच्या आणि आई चिडून कात्री आपटायची. मलाही आधी हसूच आलं होतं. हसू गेलं ते परीक्षा झाल्यानंतरच्या आठवड्यात. कुणी घर विकलं तर नाही ना, पोटभाडेकरू तर नाही ना ठेवला, हे तपासायला एक माणूस हातात कार्डांची यादी घेऊन दारोदार फिरत होता. आबांची सुट्टी होती. ते बनियनवर दारात बसून दाढी करत होते, गालाला साबण. काका आत जेवत होता. त्या माणसाने कार्डावरचा फोटो पाहिला, आत काकाकडे पाहिलं, समाधानाने मान हलवली, आणि आबांकडे बोट करून विचारलं, "हे कोण?"

मी तिथेच होते. माझ्या हातात पाण्याची कळशी होती. तोंड उघडायला मला एक क्षण हवा होता, आणि तो क्षण मी घेतला नाही, कारण माझ्या अक्षरातला तो फॉर्म मला डोळ्यासमोर दिसत होता. काकाचा घास हातात राहिला. आबांनी वस्तरा पुसला आणि म्हणाले, "मी पाहुणा. भाऊ आहे यांचा. गावाहून आलोय."

"किती दिवस आहात?"

"जाईन आता," आबा म्हणाले.

मला आजही त्या वाक्याचा संताप येतो. त्या माणसाचा नाही, काकाचा नाही, माझा येतोच, पण सगळ्यात जास्त आबांचा येतो. दगड डोक्यावरून वाहून रचलेल्या घराच्या दारात बसून माणूस पाहुणा म्हणून कसा सांगू शकतो? त्यांनी ओरडायचं होतं. भांडायचं होतं. निदान तो माणूस गेल्यावर माझा कान धरायचा होता. त्यांनी दाढी पुरी केली. पुढच्या वेळी तपासणीवाल्याने "पाहुणे अजून आहेत वाटतं?" असं विचारलं, आणि त्या पावसाळ्याआधी आम्ही बदलापूरला भाड्याच्या खोलीत गेलो. एकाच घरात दोन रामदास राहू शकत नव्हते, आणि फोटो ज्याचा, अंगठा ज्याचा, त्यालाच राहणं भाग होतं. काका ढसाढसा रडला. आबा त्याला म्हणाले, "घर सांभाळ," आणि ट्रंक उचलली. पुढे ते बदलापूरहून मुलुंडच्या त्याच कारखान्यात कामाला येत राहिले, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर, मरेपर्यंत. त्या सगळ्या वर्षांत ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी वाट बघत होते. नोकरी लागली तेव्हा वाटलं आता बोलतील, लग्न ठरलं तेव्हा वाटलं आता. बोलणी खाल्ली असती तर माझं ओझं उतरलं असतं, हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

सातव्या मजल्यावर नितीनने दार उघडलं. पुनर्वसनाची खोली बरी होती, फरशी, संडास आत, खिडकीतून समोरच्या उंच इमारतीची पाठ दिसत होती. काकी दोन वर्षांपूर्वी गेली. खिडकीपाशी खुर्चीत काका बसला होता, वाळून गेलेला, डोक्यावर चार केस. मला बघून तो खुर्चीतून उठू लागला.

"आलीस, सुमे? जेवून जा. स्नेहाने सुकट केलीय."

स्नेहा म्हणजे नितीनची बायको. तिने कोकमाचं सरबत आणून दिलं आणि नितीनने कागद. त्याला घर काकाच्या हयातीतच आपल्या नावावर करून घ्यायचं होतं, पण वकिलाने मोजणीची मूळ यादी काढली आणि त्यात कुटुंबप्रमुख रामदास साळवे यांची एकुलती एक मुलगी म्हणून मी निघाले. म्हणून हा हक्कसोडीचा कागद, की मी खालील सही करणार, रामदास यांची मुलगी, या घरावरचा माझा हक्क खुशीने सोडते. मसुद्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या.

"इथे ताई, फुल्ली केलीय तिथे," नितीन म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. "थांब. काका, मला एक सांग. मोजणीच्या दिवशी आबा घरी आले, त्यानंतर तुमचं काय बोलणं झालं?"

"ताई, ते जुनं कशाला आता..."

"तू गप बस रे. काका, सांग."

काका खिडकीकडे बघत म्हणाला, "काय सांगू. दादा म्हणाला, सकाळी जाऊन नीट करू. मी भट्टीवरनं सुटलो की तो नाक्यावर थांबणार, असं ठरलं. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या हातातला ग्लास मी टेबलावर ठेवला.

"मग?"

"गेलो की आम्ही. कचेरीच्या दारापर्यंत गेलो. बाहेर एक जण टेबल घेऊन बसायचा, अर्ज लिहून देणारा. दादानं त्याला विचारलं, असं असं झालंय, काय करायचं. तो म्हणाला, खोटी माहिती दिली, केस होते. फॉर्मवर कुणाचं अक्षर आहे बघतात, त्याला आधी उचलतात. दादा म्हणाला, शाळेतली पोर असली तर? तो म्हणाला, पोर असली तर परीक्षेला बसू देत नाहीत."

"आणि आबांनी ऐकलं?"

"तिथनंच मागं फिरला. आत गेलाच नाही. मला म्हणाला, किसन्या, पोरीची परीक्षा होऊ दे. तोवर तूच रामदास. अन् तिला यातलं कायबी कळता कामा नये, शपथ आहे तुला." काकाने नाक पुसलं. "परीक्षा झाली. अन् लगेच तो यादीवाला आला. दादा स्वतःच पाहुणा म्हणून सांगून बसला. मग मी काय करणार होतो, सुमे?"

मी उठून उभी राहिले. मला वाटतं मी ओरडले, कारण स्नेहा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "असं काही नसतं! काही होत नाही! केस नाही, परीक्षा नाही, कुणी उचलत नाही! पाच ओळींचा अर्ज असतो, काका. साधा कोरा कागद. नावात चूक झाली आहे, दुरुस्त करून मिळावी. पंधरा दिवसांत करून देतात. मी आयुष्यभर हेच केलंय, हजार लोकांचं केलंय! त्या टेबलवाल्याला काय कळत होतं? तुम्ही आत का नाही गेलात? मला का नाही सांगितलंत? मीच लिहिला असता ना तो अर्ज. माझंच अक्षर होतं ना छापील!"

नितीन कागदाचा कोपरा दुमडत उभा होता. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता आणि समोर नुसता हा म्हातारा होता, ज्याने माझ्या बापाच्या सांगण्यावरून स्वतःचं नाव टाकून दिलं होतं. मी नितीनकडून एक कोरा कागद मागितला. त्याला वाटलं, मसुदा दुरुस्त करतेय. मी टेबलाशी बसले आणि लिहिलं. विषय, कुटुंबप्रमुखाच्या नावातील दुरुस्तीबाबत. मोजणीच्या दिवशी कुटुंबप्रमुख रामदास लक्ष्मण साळवे कामावर असल्यामुळे फोटोसाठी त्यांचे धाकटे बंधू किसन लक्ष्मण साळवे उभे राहिले. अंगठा किसन यांचा आहे. फॉर्म मुलीने भरला असून चूक तिची आहे. तरी योग्य ती दुरुस्ती करावी, ही विनंती. पाच ओळी पुऱ्या भरल्या नाहीत, चार झाल्या. मजकूर मी काकाला मोठ्याने वाचून दाखवला. हा कागद आता कुठल्याही टेबलावर चालणार नव्हता, आणि चालला असता तर घर गेलं असतं, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"ताई, हे काय करताय?" नितीन घाबरून म्हणाला.

"कुठे देत नाही. काळजी करू नकोस. काका, खाली सही कर. तुझी."

काकाने चष्मा लावला. पेन बोटांत नीट धरलं, कागद डाव्या हाताने दाबला आणि सावकाश, प्रत्येक अक्षरावर जोर देत सही केली. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. मी कागद माझ्याकडे वळवला. त्याने रामदास लिहिलं होतं.

त्यालाही ते तेव्हाच दिसलं. "सवय गं," तो म्हणाला. "दे, खोडून नीट करतो."

"राहू दे," मी म्हणाले.

मग मी नितीनचा कागद पुढे ओढला, चारही चुका दुरुस्त केल्या, आणि जिथे मुलगी असं छापलं होतं तिथे सही केली.